रविवारी खिंड ओलांडू नका

ऐन शिनारा
२० सप्टेंबर १९६४

इस्कंदर,

तू बरा असणार असं धरून चालते. आजारी असतास तर पत्र आलं असतं. बरा असलास की तुला बहीण आठवत नाही, हे मला तुझ्या शाळेपासून ठाऊक आहे.

क्रुसाचा सण झाला. टेकड्यांवर जाळ पेटले. आईनं दरवर्षीसारखी गच्चीवर अंजिराची बारा पानं मांडली, वर्षाच्या एकेका महिन्याचं एक, आणि प्रत्येकावर चिमूट चिमूट मीठ. सकाळी अर्धं गाव आपल्या अंगणात. कुठल्या महिन्याचं मीठ ओलावलं, कुठल्याचं कोरडं राहिलं, त्यावर सगळ्यांचा हिवाळा ठरायचा ना! यंदा तिला दिसत नाही, म्हणून तिनं बोटानं चाचपून सांगितलं. डिसेंबर कोरडा, जानेवारी त्याहून कोरडा, फेब्रुवारीही कोरडाच, मार्चचं मात्र पार पाणी. "जानेवारीत बैरूतच्या वाटेवरची खिंड अंगणासारखी स्वच्छ राहील," असं ती म्हणाली.

आता मुद्द्याचं. तिचा उजवा डोळा पांढरा पडलाय आणि डावा धुरकट आहे. खिंडीच्या अलीकडच्या झाह्ले शहरातला डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू पिकलाय, फार थांबू नका, आत फुटला तर डोळा हातचा जाईल. बैरूतचा मोठा डॉक्टर तुझ्या ओळखीचा आहे असं तूच म्हणाला होतास. सफरचंदं उतरवून झाली की मी तिला घेऊन येते. तुझ्याकडे दोन गाद्या टाक. तुझे शर्टही धुऊन देईन, कारण तुझ्या लग्नाची वाट बघत बसले तर ते तसेच राहतील.

मुंतहा


बैरूत
११ ऑक्टोबर १९६४

प्रिय ताई,

तुझे टोमणे पोचले, अंजीरही पोचले. दोन्ही गोड.

आईला माझ्याकडेच आणायचं, त्यात काही प्रश्नच नाही. पण घाई करू नकोस. डॉक्टर नोव्हेंबरभर परदेशी आहेत आणि माझ्या खोलीचं छत गळतंय, घरमालकीण दुरुस्तीला आज लागते, उद्या लागते. जानेवारीत या.

आणि आईला सांग, मिठावर विसंबू नकोस. मी रोज हवामान कचेरीत समुद्रावरच्या हवेचे नकाशे काढतो. आपल्या खिंडीपुरता या हिवाळ्याचा अंदाज लिहून पाठवतोय. आपल्या पाद्र्यांना, खूरी बुत्रुसना, सांग, रविवारी देवळात प्रार्थना संपली की वाचून दाखवा, गावाच्या उपयोगी पडेल.

"यंदाचा हिवाळा मिश्र. डोंगरमाथ्यावर हिम, किनाऱ्यावर पाऊस, आणि मधल्या उंचीवर दोन्हींची भेसळ: गारांचा भुगा, ओलं हिम, आणि टेकताच गोठणारा पाऊस. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खिंडीतला प्रवास सर्वांत धोक्याचा. निघण्यापूर्वी चौकशी करावी."

चौकशी कुणाकडे, ते गावाला माहीत आहेच.

तुझा
इस्कंदर


ऐन शिनारा
८ जानेवारी १९६५

इस्कंदर,

तुझा अंदाज खूरींनी वेदीसमोर उभं राहून वाचला. वाचताना त्यांचा आवाज असा लागला की शेजारच्या नज्लाला वाटलं पोपचंच पत्र आहे. मग आई उठली. भिंतीला हात लावत पुढं गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं मीठ यंदा चुकलं. माझा मुलगा शिकलेला आहे, त्याचं ऐका." इतकी वर्षं गाव हिच्या बोटाकडे बघत होतं, आणि हिनं एका वाक्यात ते सोडून दिलं. लोक हसले, तीही हसली. घरी येताना चालली अशी, जणू तिनंच तुझी परीक्षा पास केली.

पण डोळा ठणकतोय. रात्रभर कपाळ दाबून बसते आणि मला सांगते, झोप लागली होती. आता पुरे झालं. मी अबू नख्लेच्या टॅक्सीत १७ तारखेच्या रविवारी दोन जागा धरल्या आहेत. दुपारपर्यंत तुझ्या दारात येतो. सोमवारी डॉक्टरची वेळ घे.

गाडीत नज्लाच्या घरची माणसंही आहेत, पोरीच्या साखरपुड्याचं बोलायला निघाली आहेत. तुला दर्शन घडवायला बरोबर आणू का? गावात तू आता मोठा माणूस आहेस.

मुंतहा


बैरूत
१२ जानेवारी १९६५

प्रिय ताई,

हे पत्र हातात पडताच आधी अबू नख्लेला वाचून दाखव. रविवारी, १७ तारखेला, कुणीही खिंड ओलांडू नका.

काय होणार ते नीट समजावून सांगतो. शनिवार संध्याकाळपासून आपल्या बेकाच्या सपाटीवर थंड हवा साचून राहील, तळ्यात पाणी साचतं तशी. तिच्यावरून समुद्राकडची उबदार ओली हवा सरकेल. माथ्यावर हिम पडेल, बैरूतला साधा पाऊस. खिंडीत मात्र पडताना पाणी आणि टेकताना बर्फ. त्याला रंग नसतो. रस्ता नुसता ओला दिसतो, आणि ब्रेक लावला की गाडी तिच्या मर्जीनं जाते. पहाटे त्यावर गारांचा भुगा पडेल, मग पुन्हा पाऊस, म्हणजे दुहेरी थर. चाकांना साखळ्या लावूनही उपयोग नाही. तिसऱ्या वळणावर, छोट्या देवळीपाशी, कठडा नाही हे अबू नख्लेला ठाऊक आहे. त्या गाडीत आई बसलीय असं डोळ्यांसमोर आण.

रेडिओ कदाचित "अंशतः ढगाळ" म्हणेल. रेडिओ सगळ्या देशासाठी बोलतो, मी फक्त आपल्या खिंडीसाठी लिहितोय. गावातल्या इतर कुणालाही जाऊ देऊ नकोस. रविवारी घरात राहा, चूल पेटवा, आईला गरम ठेव.

पुढची तारीख मी कळवतो.

तुझा
इस्कंदर


ऐन शिनारा
१८ जानेवारी १९६५

इस्कंदर,

आम्ही घरात राहिलो. अबू नख्लेनं गाडी काढली नाही. नज्लाच्या पोरीच्या साखरपुड्याचं बोलणं पुढं गेलं, आणि तिच्या होणाऱ्या सासूला राग आला तो निराळाच.

पण बाळा, काल इथं ऊन होतं! असं ऊन, की मी गाद्या गच्चीवर टाकल्या. आई खुर्ची घेऊन तिथंच बसली आणि सारखी विचारत होती, "खिंडीवर ढग दिसतात का गं?" मला दिसत नव्हते. तरी मी म्हटलं, दिसतात थोडे.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या सैदा शहरातून संत्री घेऊन एक ट्रकवाला आला. मी विचारलं, खिंडीत कसं होतं? तो म्हणाला, "बाई, धूळ उडत होती." आईनं त्याला असा फैलावर घेतला! म्हणाली, "माझा मुलगा सरकारी हवामानात आहे आणि तू मला शिकवतोस?" त्याला कॉफीसुद्धा देऊ दिली नाही. आपल्या दारातून माणूस बिनकॉफीचा गेला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

रात्री तिला उलट्या झाल्या. डोळा लालबुंद आहे. मला आता हवेचं शास्त्र नको. कोणत्या दिवशी येऊ तेवढं सांग.

मुंतहा


(पत्रावर पत्ता नाही)
२२ जानेवारी १९६५

प्रिय ताई,

तो ट्रकवाला दुपारी आला असणार. बर्फ पहाटेचं होतं, उन्हानं वितळलं. सावलीतल्या वळणांवर तर दुपारपर्यंत टिकलं असेल, त्याचं नशीब चांगलं. या लोकांना रस्ता पार झाला की रस्ता चांगला होता असंच वाटतं.

पुढचा आठवडाही मिश्र दिसतोय. त्यातून कचेरीनं मला काही दिवस उत्तरेला कामावर पाठवलंय, तेव्हा घरी कुणी येऊ नये, काही पाठवू नये. फेब्रुवारीच्या मध्यावर नक्की. तोवर डोळ्यावर कोमट बडीशेपेच्या पाण्याची घडी ठेव. आईला माझे हजार मुके.

तुझा
इस्कंदर


ऐन शिनारा
२७ जानेवारी १९६५

इस्कंदर,

तुझं पत्र पोचायच्या आधीच अबू नख्ले तुझ्या घरी जाऊन आला होता. आईनं वाळवलेल्या दह्या-गव्हाच्या किश्कची बरणी आणि तेलात मुरवलेल्या वांग्यांचं मकदूस दिलं होतं. घरी दार बंद. तुझी घरमालकीण बाहेर आली. तो कुठल्या गावचा ते ऐकून खूश झाली आणि त्याच्या हातात लग्नाचे बदाम ठेवले, साखरेत घोळलेले, पांढऱ्या जाळीत बांधलेले. म्हणाली, "काय लग्न झालं म्हणून सांगू! नवरी ईवेत म्हणजे अगदी चित्र. आणि सासरा किती मोठा माणूस! फक्त बिचाऱ्या नवऱ्याला आई नाही. देवळात तिच्या नावानं मेणबत्ती लावली तेव्हा आम्ही सगळ्या रडलो."

अबू नख्ले पुडी खिशात घालून जिना उतरला. गावात आल्यावर त्यानं मला अंगणाच्या कोपऱ्यात बोलावलं आणि ती पुडी माझ्या हातात कोंबली. आईला दिसत नाही, पण ऐकू येतं. ती भिंत धरत आली. "काय दिलंस तिला?" मी हात मागे घेतला, तिनं तो धरला आणि पुडी चाचपली. जाळी, फीत, बदाम.

"कुणाचं लग्न रे, अबू नख्ले?"

"असंच कुणाचं तरी, उम्म इस्कंदर." इस्कंदरची आई म्हणूनच हाक मारतो तो तिला.

"तुला खोटं बोलता येत नाही. उगाच घाम गाळू नकोस. माझ्या मुलाचं का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "मला का नाही बोलावलं?" हे तिनं इतक्या साधेपणानं विचारलं, की त्या बिचाऱ्याला सांगावंच लागलं. म्हणाला, "तिथं सांगितलंय... तू वारलीस म्हणून."

आई बाकावर बसली. म्हणाली, "कुठल्या रविवारी होतं?"

"सतरा तारखेला."

"त्या दिवशी ऊन फार छान होतं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

हे मी तुला जसं घडलं तसं सांगितलं. आता माझं ऐक. आई आंधळी होते आहे, आणि तिला तुझ्या दारापासून लांब ठेवायला तू आभाळातून बर्फ आणलंस. दुसरं काहीही सांगितलं असतंस, खोली नाही, बायकोला आवडणार नाही, मला लाज वाटते, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या आणि आईला झाह्लेला नेलं असतं. तू ते सांगितलंस जे आम्ही तपासायला जाणार नव्हतो. जिनं तुझ्यासाठी गावासमोर स्वतःला खोटं म्हणवलं, तिला तू मारून तिच्या नावानं मेणबत्ती लावलीस. बाबा गेल्यावर मी तुला शिकवायला लग्न केलं नाही, त्याचं मला कधी दुःख झालं नव्हतं. आज झालं.

मुंतहा


बैरूत
३० जानेवारी १९६५

ताई,

तू जे लिहिलंस त्यातला एक शब्दही मी नाकारत नाही. पण माझी बाजूही ऐक.

पहिल्या भेटीत ईवेतच्या वडिलांनी विचारलं, घरी कोण कोण? ते कसली माणसं आहेत हे तुला कळणार नाही. त्यांच्या दिवाणखान्यात बसून मला आई दिसली, अंगणात उकिडवी बसून किश्क चोळणारी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आईवडील नाहीत. एकदा निघालेला शब्द परत कसा घेणार? मग साखरपुडा, मग लग्न. प्रत्येक वेळी वाटलं, पुढच्या वेळी सांगू. ईस्टरला मी ईवेतला घेऊन येणारच होतो, तेव्हा सगळं मोकळेपणी बोललो असतो. माझ्या मनात आईबद्दल कधी वाईट नव्हतं. डोळ्याचं इतकं वाढलंय असं तूही स्पष्ट लिहिलं नव्हतंस. आणि जग असं आहे, ताई, की तिथं उभं राहायला माणसाला काहीतरी मागं सोडावं लागतं. मी डॉक्टरांशी बोलतो. माझ्याकडे नाही तर दवाखान्यातच तुमची सोय करतो.

इस्कंदर


बैरूत
१ फेब्रुवारी १९६५

ताई,

बुधवारी ३ तारखेला दुपारनंतर गोठणारा पाऊस. झाह्लेच्या रस्त्यावरही. निघायचं तर सकाळी निघा, नाहीतर थांबा. या वेळी खरं आहे.

इस्कंदर


बैरूत
८ फेब्रुवारी १९६५

ताई,

तुम्ही झाह्लेच्या दवाखान्यात आहात असं अबू नख्लेच्या भाच्याकडून कळलं. डोळ्यावर पट्टी आहे एवढंच म्हणाला, बाकी नीट काही सांगेना, माझ्याकडे बघेचना. आई कशी आहे? मी येत्या रविवारी येतो, ईवेतला घेऊन. तिला मी काल सगळं सांगितलं. ती रडली, पण यायला तयार आहे. तिच्या वडिलांनाही या आठवड्यात सांगणार आहे, मग काय व्हायचं ते होवो. आईला एवढं सांग. पट्टी काढताना मला तिथं असायचं आहे.

इस्कंदर


झाह्ले
११ फेब्रुवारी १९६५

इस्कंदर,

तू लिहिलंस तसंच झालं. दुपारनंतर, झाह्लेच्या रस्त्यावर.

आईला बुधवारी झाह्लेला न्यायचं ठरलं होतं, आणि तुझी चिठ्ठी मंगळवारी आली. मी ती अबू नख्लेला वाचून दाखवली तर तो हसला. म्हणाला, "याच्या शब्दावर मी गाडी आत ठेवली होती, आता याच्या शब्दावर मी माझी खेप सोडणार नाही." गावात ज्याला त्याला सांगितलं, जो तो हसला. एकट्या आईनं विश्वास ठेवला. मला ती चिठ्ठी दोनदा वाचायला लावली आणि म्हणाली, "हे खरं आहे. खोटं लिहितो तेव्हा तो फार समजावून सांगतो. उद्या सकाळी निघू."

बुधवारी सकाळी ती आवरून बसली. पण अबू नख्ले आपली सकाळची खेप करूनच आला, आणि निघायला दुपार झाली. अर्ध्या वाटेत पाऊस लागला. रस्ता नुसता ओला दिसत होता. मग गाडी आडवी झाली आणि हळूच, आवाज न करता, बांधाला जाऊन टेकली. आम्हाला काही झालं नाही. अबू नख्ले खाली उतरला तो उताणाच पडला. उठून त्यानं बुटांवर पोतं गुंडाळलं आणि आईला पाठीवर घेतलं. मी मागून तिच्या डोक्यावर घोंगडी धरून चालले. दवाखान्यापर्यंत तो तोंडानं सारखी तिची माफी मागत होता, सकाळी निघालो असतो तर, सकाळी निघालो असतो तर. आई त्याच्या पाठीवरून म्हणाली, "माझं मीठही चुकलं की रे. फेब्रुवारी कोरडा सांगितला होता मी. चुकणं वेगळं असतं, अबू नख्ले. चालत राहा."

उजवा डोळा गेला. काढावाच लागला. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दोन आठवड्यांपूर्वी का नाही आणलंत? तेव्हा वाचला असता." मी काय सांगणार होते? म्हटलं, रस्ता बंद होता. तुझ्यासाठी खोटं बोलायची मला सवय नाही, पण तुझं खोटं त्या परक्या माणसापुढं उघडं करायची माझीच मला लाज वाटली.

डाव्यावर शस्त्रक्रिया झाली. पट्टी काल काढली, तू येईपर्यंत कुणी थांबलं नाही. तिला उजेड दिसतो, खिडकी दिसते, माणूस दिसतं. चष्मा मिळाला की आणखी दिसेल. पलंगापाशी अबू नख्ले टोपी हातात घेऊन उभा होता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू मला माती दे रे, पोरा." आपल्याकडच्या आया हे दिवसातून दहा वेळा म्हणतात, मुलानं आपल्या मागं राहावं, आपल्या आधी जाऊ नये म्हणून. पण हे आपण पोटच्या पोराला म्हणतो. आजवर मी तिच्या तोंडून हे फक्त तुझ्यासाठी ऐकलं होतं. अबू नख्लेला ते कळलं. एवढा मोठा माणूस बायकांच्या वॉर्डात हुंदके देऊन रडला.

आज तुझं पत्र आलं, ते मी तिला वाचून दाखवलं. रविवारी येतोस ते, ईवेत रडली ते, सासऱ्यांना सांगणार आहेस ते, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता विरघळेल. तुझ्या बाबतीत ती नेहमीच विरघळते, आणि मी त्यावरून तिच्याशी आयुष्यभर भांडले आहे. या वेळी मला वाटत होतं की विरघळावं.

ती म्हणाली, "त्याला लिही, सासऱ्याला काही सांगायला जाऊ नकोस. तिथं जे सांगितलंयस तेच राहू दे."

मी विचारलं, "म्हणजे रविवारी येऊ नको असं लिहू का?"

"कुणाकडे येणार आहे तो?" ती म्हणाली, आणि मला खिडकी उघडायला सांगितली.

मुंतहा